पैसे वाइनला मोजावेत, जकातीला नव्हे

इटलीहून आलेली स्पार्कलिंग वाइनची एक बाटली मुंबईच्या बंदरात उतरते, तेव्हा वाहतूक आणि विमा धरून तिची किंमत समजा ३०० रुपये आहे. भारताने आयात वाइनवर वर्षानुवर्षं आकारलेलं सीमाशुल्क १५० टक्के. म्हणजे बंदरातून बाहेर पडतानाच ती ७५० रुपयांची झाली. मग राज्याचं शुल्क, आयातदाराचा नफा, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, दुकानदाराचा नफा आणि शेवटी व्हॅट. दुकानाच्या फळीवर येईपर्यंत तिच्यावर दोन हजारांच्या आसपासचा आकडा चढलेला असतो. गिऱ्हाईक ती हातात घेतं, परदेशी लेबल बघतं आणि आपण दोन हजारांची वाइन घेतोय असं समजून पैसे देतं. प्रत्यक्षात त्या बाटलीतली वाइन ३०० रुपयांचीच असते.

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पोराची पहिली नोकरी, ३१ डिसेंबर. मराठी मध्यमवर्गाच्या घरात अशा निमित्ताने आता स्पार्कलिंगची बाटली उघडली जाते, आणि ती घेताना बहुतेकांची पद्धत एकच असते: परवडेल त्यातली सर्वांत स्वस्त परदेशी बाटली उचलायची. भारतात राहून, मोजक्या पैशांत स्पार्कलिंग घेण्याचा हा सर्वांत वाईट मार्ग आहे. जकातीत गेलेला पैसा चवीत उतरत नाही. तो उतरवायचा असेल तर बाटलीवरचं गाव आणि नाव बाजूला ठेवून एकच गोष्ट विचारावी लागते: ही वाइन किती महिने, कशा पद्धतीने तयार झाली?

कारण स्पार्कलिंगमध्ये खर्च होतो तो वेळेवर. साध्या वाइनमध्ये यीस्ट द्राक्षाच्या रसातली साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि वायू उडून जातो. स्पार्कलिंगच्या जुन्या फ्रेंच पद्धतीत तयार वाइन बाटलीत भरून तीत पुन्हा थोडं यीस्ट आणि लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि वर पत्र्याचं टोपण ठोकतात. आता वायूला जायला जागाच नाही. तो वाइनमध्ये विरघळतो आणि बाटलीतला दाब सहा बारच्या घरात जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या अडीचपट. काच जाड आणि बाटली जड असते ती यामुळेच. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं. खरं काम इथून पुढे चालू होतं. वाइन त्या गाळावर जितके महिने पडून राहते, तितका तिच्यात ताज्या पावाचा, भाजलेल्या काजूचा वास उतरतो, तोंडात साईसारखा गुळगुळीतपणा येतो आणि बुडबुडे मवाळ होतात.

मग तो गाळ काढायचा. बाटल्या हळूहळू फिरवत, तिरप्या करत शेवटी पार उलट्या केल्या जातात. पूर्वी माणसं हे काम हाताने करत आणि त्याला सहा-आठ आठवडे लागत. आता शेकडो बाटल्यांचे पिंजरे फिरवणारी यंत्रं ते आठवड्याभरात उरकतात. सगळा गाळ टोपणापाशी जमला की बाटलीची मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावणात बुडवतात. गाळ गोठून त्याचा खडा होतो. टोपण उडवलं की आतल्या दाबाने तो खडा फटकन बाहेर पडतो, पाठोपाठ थोडी वाइनही सांडते. तेवढी जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरून काढतात, जाड बूच ठोकतात, त्यावर तारेची जाळी. एका बाटलीला एवढे हात लागतात आणि तळघरात ती एवढे दिवस जागा अडवून बसते.

दुसरी पद्धत मोठ्या बंद टाकीची. इटलीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि १९०७ मध्ये फ्रान्सच्या युजीन शार्मा यांनी तिच्यात सुधारणा केली. फेस येण्याचं काम टाकीतच होतं, काही आठवड्यांत संपतं आणि वाइन दाबाखालीच बाटलीत भरली जाते. इटलीचा प्रोसेको बहुतांशी असाच तयार होतो. या पद्धतीला कमी लेखायचं कारण नाही. ग्लेरा नावाच्या द्राक्षाचा नाशपतीसारखा, फुलांचा वास टाकीत उत्तम टिकतो, बाटलीत वर्षभर ठेवला तर हरवतो. पण ही वाइन करायला स्वस्त आहे आणि ती स्वस्तच मिळायला हवी. युरोपात ती तशी मिळते. आपल्याकडे जकात भरून तिच्यासाठी बाटलीत आंबवलेल्या वाइनपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात, आणि हे गणित कुठल्याच बाजूने जमत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा: सोडा करतात तसा वाइनमध्ये वरून वायू सोडायचा. ग्लासात ओतल्यावर जोरात फेस येतो आणि पाच मिनिटांत बसतो. कॅनमधल्या काही गोड पेयांत हेच केलेलं असतं. उन्हाळ्यात गार प्यायला ठीक, पण ते घेताना आपण स्पार्कलिंग वाइनचे पैसे देत नाही आहोत ना, एवढं पाहावं.

जकातीशिवाय, बाटलीत आंबवलेली वाइन शोधायला महाराष्ट्रातल्या ग्राहकाला लांब जावं लागत नाही. नारायणगावजवळ श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात, फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या पायपर-हाइडसिक या घराण्याच्या तांत्रिक मदतीने, बाटलीत आंबवलेली स्पार्कलिंग काढली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात विकली जात होती. भारतात वाइन पिणारे लोक शोधावे लागत होते, त्या काळात जुन्नर तालुक्यातल्या कारखान्याने सर्वांत अवघड प्रकाराला हात घातला, याचं कौतुक अजून पुरेसं झालेलं नाही. ती कंपनी पुढे विस्ताराच्या कर्जात बुडाली, पण महाराष्ट्राच्या मातीत हे जमतं हे तिने दाखवून दिलं होतं.

२००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, इथे तयार होणाऱ्या वाइनला अबकारी शुल्कात मोठी सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. नाशिकमध्ये सुलाची पहिली वाइन २००० मध्येच बाजारात आली होती. आज सुला ब्रूट, यॉर्कची स्पार्कलिंग कुवे, ग्रोव्हर झाम्पाची 'स्वारे' आणि शाँदों या चारही वाइन दुसऱ्यांदा आंबवल्या जातात त्या बाटलीतच, शॅम्पेनच्या पद्धतीने. महाराष्ट्रात त्यांच्या किमती साधारण हजार ते दोन हजारांच्या दरम्यान असतात. त्यात सीमाशुल्क नाही, जहाजाचं भाडं नाही, आयातदाराचा नफा नाही. गिऱ्हाईक दीड हजार रुपये देतं तेव्हा त्यातला बराच मोठा वाटा द्राक्षाला, काचेला, तळघराला आणि तिथे राबणाऱ्या माणसांना जातो. त्याच पैशांत मिळणाऱ्या आयात बाटलीपेक्षा ही वाइन वरचढ असते, आणि ती आपल्या जिल्ह्यातली आहे एवढ्याच कारणाने तिला दुय्यम मानणाऱ्यांनी एकदा दोन्ही ग्लास शेजारी ठेवून बघावेत.

शाँदोंमागे मोएत हेनेसी हा फ्रेंच समूह आहे. शॅम्पेनबाहेर वाइन करायला ही मंडळी १९५९ मध्ये अर्जेंटिनात गेली, १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, आणि २०१३ मध्ये त्यांनी नाशिकला पाऊल ठेवलं. एवढा अनुभव असलेल्यांनी नाशिक निवडलं ते द्राक्ष बघून.

ते द्राक्ष मुख्यतः शनँ ब्लाँ. नाशिकचा बागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. माल येतो थंडीत, आणि स्पार्कलिंगसाठीचा माल सर्वांत आधी उतरवतात, कारण या वाइनला साखर कमी आणि आंबटपणा जास्त लागतो. उष्ण प्रदेशात बहुतेक द्राक्षांचा आंबटपणा झपाट्याने उतरतो. शनँ ब्लाँ तो धरून ठेवतं. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात याच द्राक्षाची स्पार्कलिंग होते. दक्षिण आफ्रिकेत सिमॉन्सिख या घराण्याने १९७१ मध्ये देशातली पहिली बाटलीत आंबवलेली वाइन, 'काप्से फाँकल', काढली तीही शनँ ब्लाँचीच. तेव्हा नाशिकची स्पार्कलिंग म्हणजे शार्डोने परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, असं मानायचं कारण नाही. तिला स्वतःचं कुळ आहे. सफरचंद, पेरू आणि थोडासा मध, अशी तिची चव असते, आणि ती शॅम्पेनसारखी नाही म्हणून तक्रार करू नये.

मग नाशिककरांकडून काय हवं? लेबलवर दोन आकडे: वाइन गाळावर किती महिने होती, आणि गाळ कधी काढला. शॅम्पेनमधले कित्येक उत्पादक हे छापतात. स्पेनच्या कावाला कायद्याने किमान ९ महिने गाळावर राहावं लागतं, 'रिझर्व्हा' लिहायचं तर १८, 'ग्रान रिझर्व्हा' लिहायचं तर ३०. शॅम्पेनला विक्रीआधी किमान १५ महिने, त्यातले १२ गाळावर. एकाच वर्षाच्या मालाची असेल तर ३ वर्षं. ग्राहकाला या आकड्यांवरून आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं. आपल्याकडे लेबलवर सूर्यास्त, डोंगर आणि 'परंपरागत पद्धत' असे शब्द असतात, महिन्यांचा आकडा बहुधा नसतो. ज्यांनी खरोखर वेळ दिला आहे त्यांचंच यात नुकसान होतं, कारण त्यांची बाटली आणि घाईत काढलेली बाटली फळीवर सारखीच दिसते.

दुसरी मागणी दुकानदारांकडे. नाशिकच्या तळघरात १५ अंशांत जपलेली बाटली एप्रिलमध्ये पुण्या-नागपूरच्या दुकानात, काचेच्या दाराशी, ट्यूबलाइटखाली उभी असते. उष्णतेने स्पार्कलिंग लवकर म्हातारी होते, रंग काळपट पिवळा पडतो, फेस मंदावतो, फळाचा वास जाऊन पुठ्ठ्याचा येतो. पारदर्शक काचेतल्या रोझेला तर नुसता उजेडही नडतो. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर राज्यभर वाद झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या गदारोळात दोन्ही बाजूंच्या लोकांनी खूप काही म्हटलं, पण विकणारा वाइन कशी ठेवतो हा साधा प्रश्न कुणी लावून धरला नाही. तोवर ग्राहकाने स्वतःच काळजी घ्यावी. मागच्या लेबलवरचा महिना आणि वर्ष बघावं, दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल तर दुसरी मागावी. फळीवरची न घेता खोक्यातली किंवा फ्रिजमधली द्या म्हणावं. खप जास्त असलेल्या दुकानात जावं, कारण तिथे माल पडून राहत नाही. कमी खपाच्या दुकानात मोठी सवलत लावलेली बाटली दिसली, तर ती का उरली याचा अंदाज आधी घ्यावा.

लेबलवरच्या साखरेच्या शब्दांनीही पैसे वाया जातात. लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ब्रूट. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड. कोरडी हवी म्हणून एक्स्ट्रा ड्राय उचलणारे हमखास फसतात. 'डेमी-सेक' ३२ ते ५० ग्रॅम, म्हणजे गोडच. पहिल्यांदा घेणाऱ्याने ब्रूट घ्यावी. स्वस्त वाइनमधले दोष साखरेखाली झाकता येतात, ब्रूटमध्ये ते लपत नाहीत.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसासाठी हाच विचार वेगळ्या बाटलीकडे नेतो, कारण तिथे आपल्याइतकं जकातीचं ओझं नाही. लंडन किंवा ॲमस्टरडॅमच्या सुपरमार्केटमध्ये कावा आणि क्रेमाँ या दोन नावांइतकी किफायत दुसऱ्या कशात नाही. कावा मुख्यतः कातालोनियातला. सांत सादुर्नी द'अनोया या गावात १८७२ मध्ये जोसेप राव्हेंतोस यांनी पहिल्या बाटल्या भरल्या, आणि माकाबेओ, शारेल्लो, पारेल्यादा ही तिथली द्राक्षं कुणी जगभर मिरवत नसल्यामुळे भाव आवाक्यात राहिला आहे. क्रेमाँ म्हणजे शॅम्पेनबाहेरच्या फ्रान्सची बाटलीत आंबवलेली वाइन: आल्सास, बरगंडी, ल्वार, लिमू. द्राक्ष हातानेच तोडायचं, १५० किलो मालातून १०० लिटरच रस घ्यायचा, किमान ९ महिने गाळावर ठेवायचं, असे कडक नियम तिला लागू आहेत. बरगंडीच्या क्रेमाँमध्ये शॅम्पेनचीच शार्डोने आणि पिनो न्वार असतात. फरक जमिनीच्या भावाचा. शॅम्पेनचं क्षेत्र साधारण ३४ हजार हेक्टर, ते वाढत नाही, आणि तिथे किलोभर द्राक्षाला सहा-सात युरो मोजावे लागतात. बाटलीत सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष जातं. म्हणून अतिस्वस्त शॅम्पेन घेण्यापेक्षा त्याच पैशांत उत्तम क्रेमाँ घ्यावी. सगळ्यात खालच्या पायरीवरची शॅम्पेन ही त्या नावाची किंमत वसूल करणारी, बऱ्याचदा कडक आणि आंबट वाइन असते.

जर्मनीत राहणाऱ्यांना झेक्ट ही तिथली स्पार्कलिंग ठाऊक असते. कैसरच्या आरमारासाठी १९०२ मध्ये तिच्यावर बसवलेला कर अजून चालू आहे, पाऊण लिटरच्या बाटलीमागे १.०२ युरो. दोन-तीन युरोंच्या झेक्टमध्ये त्यामुळे वाइनला काहीच उरत नाही. आठ-दहा युरोंची, बागायतदाराने स्वतःच्या द्राक्षांची केलेली 'विन्झरझेक्ट' घेतली तर कराचा वाटा लहान होतो आणि रीसलिंगची ती वाइन फार सुंदर असते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोची ग्रुए हे नाव लक्षात ठेवावं. शॅम्पेनमधल्या एका कुटुंबाने १९८०च्या दशकात वाळवंटातल्या उंच पठारावर वेल लावले, आणि वीस डॉलरच्या आसपास तिथे याहून चांगलं सहसा मिळत नाही.

भारतातलं गणितही कायम असंच राहील असं नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तिथल्या वाइनवरचं शुल्क उतरायला लागलं. मात्र ही सूट आयात किंमत बाटलीमागे पाच डॉलरच्या वर असेल तरच मिळते. म्हणजे सगळ्यात स्वस्त परदेशी बाटलीवर पूर्वीचा भार तसाच राहिला. कमी पैशांत परदेशी घ्यायचीच असेल, तर या घडीला ऑस्ट्रेलियाची थोडी वरच्या भावाची बाटली हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा पर्याय आहे.

चांगली घेतलेली बाटली घरी वाया जाते ती बहुधा दोन कारणांनी. ती पुरेशी गार नसते, किंवा ग्लास साबणाचा असतो. तीन-चार तास फ्रिजमध्ये, किंवा बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घातलेल्या बादलीत अर्धा तास ठेवली की ती सहा-आठ अंशांवर येते. जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढू नये. बूच एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली तळाशी धरून फिरवावी. बूच उसासा टाकल्यासारखं निघालं पाहिजे. मोठा आवाज काढून फेस उडवला तर विकत घेतलेला वायूच सांडून जातो. रॅंस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी दाखवून दिलं आहे की बुडबुडे उठतात ते ग्लासाला चिकटलेल्या कापडाच्या किंवा हवेतल्या बारीक तंतूंपासून. म्हणून भांडी धुण्याच्या साबणाचा थर राहिलेल्या ग्लासात महागडी वाइनही मेल्यासारखी दिसते. नुसत्या गरम पाण्याने धुऊन ग्लास उपडा वाळवावा. अरुंद उंच ग्लासाचीही गरज नाही, पांढऱ्या वाइनचा साधा ग्लास असला तर वास जास्त चांगला येतो.

आणि सोबत तळलेलं हवंच. आंबटपणा आणि फेस तेलाचा थर तोंडातून धुऊन काढतात, त्यामुळे कोथिंबीर वडी, बोंबील फ्राय, कांदा भजी यांच्याबरोबर नाशिकची ब्रूट जशी खुलते तशी ती चीजच्या तुकड्यांबरोबर खुलत नाही. दिवाळीच्या फराळात चकली आणि शेव घ्यावी. करंजी आणि अनारशाबरोबर ब्रूट आंबट लागेल, तिथे डेमी-सेक हवी. बाटली एका बैठकीत संपवायचा आग्रहही नको. उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा उभा ठेवण्याचा तोडगा निरुपयोगी आहे. स्पार्कलिंगसाठी मिळणारं कडीचं झाकण काहीशे रुपयांत येतं. ते लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही फेस टिकलेला असतो, आणि हजार रुपयांत चार माणसांच्या दोन बैठका होतात.